शेवटपर्यंत काय दिसतं?

डहाणूच्या खाडीतून एक बोट मासेमारीला निघाली आहे. तुम्ही तिच्या मागच्या टोकाला, किनाऱ्याकडे तोंड करून बसला आहात असं समजा. सकाळची वेळ, आभाळ स्वच्छ, बोट सरळ पश्चिमेला चाललेली. तुमचं काम एकच. मागे काय काय दिसतंय ते बघत राहायचं आणि कुठली गोष्ट कधी दिसेनाशी झाली ते सांगायचं.

पारनाक्याची वाळू लगेच गेली. मग सुरूच्या झाडांचे बुंधे गेले, शेंडे तेवढे राहिले. थोड्या वेळाने शेंडेही गेले. पाठोपाठ गावातली घरं, इमारती. आता दोनच गोष्टी उरल्या. एक म्हणजे खाडीकाठच्या थर्मलची, म्हणजे औष्णिक वीज केंद्राची उंच चिमणी. दुसरी तिच्या बरीच मागे, जमिनीवर आत असलेला विवळवेढ्याच्या महालक्ष्मीचा टोकदार डोंगर.

या दोघांपैकी शेवटपर्यंत कोण टिकेल? चिमणी की डोंगर? सरावलीच्या मुलांनो, तलासरीच्या मुलांनो, तुम्हाला ही दोन्ही नावं नवीन नाहीत. तुमचं उत्तर आत्ताच वहीत लिहून ठेवा. पुढे वाचताना ते बदलावंसं वाटेल, पण खोडू नका.

मघाशी एक गंमत घडली, ती लक्षात आली का? झाडांचे बुंधे आधी गेले आणि शेंडे नंतर. झाड फक्त लांब गेलं म्हणून दिसेनासं होत असतं, तर अख्खं झाड लहान लहान होत गेलं असतं. पण इथे ते खालून वर बुडत गेलं. कारण आपल्या आणि झाडाच्या मध्ये समुद्राचं पाणी उभं राहिलं! पाणी सपाट दिसतं, पण पृथ्वी गोल आहे, म्हणून समुद्रही तिच्याबरोबर वाकलेला आहे. मोठ्या कलिंगडावर दोन मुंग्या एकमेकींपासून लांब चालत गेल्या तर काय होईल? कलिंगडाचा फुगवटा मध्ये येईल. आधी समोरचीचे पाय दिसेनासे होतील, मग पोट, सगळ्यांत शेवटी डोकं.

मग कुठली वस्तू किती लांबून दिसणार, हे आधीच सांगता येईल का? येतं, आणि त्याचा हिशेब इतका छोटा आहे की मला तो कळला तेव्हा भलताच आनंद झाला होता. उंची मीटरमध्ये घ्या. तिचं वर्गमूळ काढा. त्याला ३.५७ ने गुणा. जे उत्तर येईल तितक्या किलोमीटरवर तिथलं क्षितिज असतं. झालं!

करून बघू. तुम्ही वाळूत मांडी घालून बसलात आणि तुमचे डोळे पाण्यापासून १ मीटर उंचीवर आहेत. १ चं वर्गमूळ १. म्हणजे तुमचं क्षितिज ३.५७ किलोमीटरवर. तो जो अथांग वाटणारा समुद्र तुम्हाला दिसतोय, तो साडेतीन किलोमीटरवर संपतोय! १०० मीटर उंच टेकडीवर चढलात तर १०० चं वर्गमूळ १०, म्हणजे ३५.७ किलोमीटर. उंची शंभरपट झाली, नजर मात्र दहापट लांब गेली. (हवा प्रकाशाच्या किरणांना किंचित वाकवते, त्यामुळे प्रत्यक्षात या आकड्यांपेक्षा थोडं जास्तच दिसतं. आपण ते थोडंसं सध्या सोडून देऊ.)

आता चिमणी. तिची उंची सुमारे २७५ मीटर आहे. जर्मनीत कलोन नावाच्या शहरात एक जगप्रसिद्ध चर्च आहे. त्याचं बांधकाम १२४८ साली सुरू झालं आणि १८८० साली संपलं, म्हणजे सहाशेहून जास्त वर्षं लागली. त्याचे मनोरे १५७ मीटर उंच आहेत. आपली चिमणी त्यांच्याहूनही शंभराहून जास्त मीटरने उंच! इतकी उंच कशाला? कोळसा जाळल्यावर निघणारा धूर खालच्या हवेत साठू नये, वर जाऊन दूरवर पसरावा म्हणून. डहाणू तालुका १९९१ साली पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून जाहीर झाला. इथल्या चिकूच्या वाड्या, खाडी, जंगल यांना धक्का लागू नये म्हणून या केंद्रावर बारीक लक्ष ठेवलं जातं. नंतर धुरातला गंधकाचा वायू समुद्राच्या पाण्याने धुऊन काढायची यंत्रणाही तिथे बसली. नुसती उंच चिमणी पुरत नाही, हे तेव्हा लोकांनी आग्रहाने मांडलं, आणि ते बरोबरच होतं.

हिशेबाकडे येऊ. २७५ चं वर्गमूळ साधारण १६.६. गुणिले ३.५७, म्हणजे ५९ किलोमीटर. तुम्ही बोटीत बसलात, डोळे पाण्यापासून २ मीटरवर धरले तर तुमचं स्वतःचं क्षितिज ५ किलोमीटर. दोन्हींची बेरीज ६४. चिमणी किनाऱ्यावरच आहे असं धरलं, तर तिथून ६४ किलोमीटर आत समुद्रात जाईपर्यंत तिचं टोक पाण्याच्या वर राहील.

आणि डोंगर? हिशेब सोपा व्हावा म्हणून त्याची उंची ४०० मीटर धरू. वर्गमूळ २०. गुणिले ३.५७, ७१.४ किलोमीटर. त्यात बोटीतले ५ मिळवले की ७६. वा, डोंगर जिंकला! पण थांबा. डोंगर काही किनाऱ्यावर नाही. तो वीसेक किलोमीटर आत, मुंबई-अहमदाबाद महामार्गाजवळ आहे. ते वीस वजा करा. उरले ५६. म्हणजे हिशेबाने चिमणीच शेवटपर्यंत टिकते.

ज्यांनी चिमणी लिहिली आहे त्यांनी इतक्यात टाळ्या वाजवू नका. अजून आपण डोळ्याला विचारलेलंच नाही.

त्याआधी जरा लांबचा फेरफटका मारून येऊ. जर्मनीच्या उत्तरेला ल्युबेक नावाचं जुनं शहर आहे. बाल्टिक समुद्रापासून पंधराएक किलोमीटर आत, त्रावे नदीच्या काठी. मध्ययुगात ते व्यापाऱ्यांचं फार श्रीमंत बंदर होतं. मीठ, मासे, लोकर, धान्य यांनी भरलेली जहाजं तिथून निघायची आणि तिथे यायची. पण त्या भागात जमीन सपाट आहे. उंच डोंगर नाही, बांधकामाला दगडही फारसा नाही. मग तिथल्या लोकांनी काय केलं? विटा भाजल्या आणि विटांचे मनोरे आकाशात चढवले. ल्युबेकमध्ये पाच मोठी चर्चं आहेत आणि त्यांचे मिळून सात मनोरे. त्यातल्या सेंट मेरी चर्चचे दोन मनोरे जवळजवळ १२५ मीटर उंच आहेत. आपला हिशेब लावा: १२५ चं वर्गमूळ ११.२, गुणिले ३.५७, म्हणजे ४० किलोमीटर. बोटीतले ५ मिळवा, नदीकाठचे १५ वजा करा. किनाऱ्यापासून तीस किलोमीटरवरच्या खलाशासमोर, निदान हिशेबाने, आपल्या गावाची टोकं पाण्याच्या वर यायला लागली असणार. कित्येक आठवड्यांनी घरी परतणाऱ्या माणसाला तेव्हा काय वाटत असेल!

आज हजारो लोक हे शहर बघायला जातात. १९८७ पासून ते जागतिक वारसा आहे. तिथला बाजाराचा चौक, विटांचा जुना नगरपालिका वाडा, आणि होल्स्टेन दरवाजा. हा दरवाजा १४७८ साली पूर्ण झाला. दोन जाड गोल बुरूज आणि मध्ये कमान. खालची जमीन मऊ असल्यामुळे बुरूज खचले आणि कललेले आहेत, तरी अजून उभे. सेंट मेरी चर्चमध्ये मात्र एक गोष्ट बघून माणूस गप्प होतो. १९४२ साली दुसऱ्या महायुद्धात शहरावर बाँब पडले, चर्च पेटलं आणि मनोऱ्यातल्या प्रचंड घंटा खाली कोसळल्या. चर्च पुन्हा बांधलं. घंटा मात्र जिथे पडल्या तिथेच, तुटलेल्या अवस्थेत, जमिनीवर ठेवल्या आहेत. युद्ध काय करतं ते मुलांनी बघावं म्हणून त्या तशाच ठेवणं मला फार योग्य वाटतं.

ल्युबेकला मनोरे बांधावे लागले. आपल्याकडे ते काम डोंगरांनी केलं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास दख्खनवर लाव्हारस पुन्हा पुन्हा पसरला, थरावर थर चढले, आणि मग ऊनपावसाने ते झिजवायला सुरुवात केली. मऊ भाग वाहून गेला, कठीण भाग उरला. महालक्ष्मीचं शिखर हा असाच उरलेला, चहूबाजूंनी तासलेला भाग. एकदा बघितलं की दुसऱ्या कुठल्या डोंगराशी गल्लत होत नाही. खूण म्हणून निवडायची गोष्ट अशीच हवी. नुसती उंच असून भागत नाही, शेजारच्यांपेक्षा वेगळी दिसायला हवी.

या डोंगराची एक गोष्ट तुमच्या आजीने सांगितली असेल. देवीचं ठाणं आधी वर गडावर होतं. एक गरोदर आदिवासी बाई दर्शनाला चढत होती. तिला घेरी आली, पुढे जाववेना. तेव्हा देवी म्हणाली, तू वर येऊ नकोस, मीच खाली येते. म्हणून मोठं देऊळ पायथ्याशी आहे. दर वर्षी चैत्र पौर्णिमेपासून तिथे पंधरा दिवस यात्रा भरते. पौर्णिमेच्या रात्री वाघाडी गावचे पुजारी शिखरावर ध्वज लावतात. तो ध्वज जव्हारच्या राजघराण्याकडून येतो. रात्री, त्या निसरड्या कड्यावर, ध्वज घेऊन चढायचं! ती वाट दिवसा खालून पाहिली तरी छातीत धडधडतं.

आता ध्वजच आपल्याला डोळ्याची गंमत शिकवील. माणसाच्या चांगल्या डोळ्यालाही एक मर्यादा असते. वस्तू तिच्या रुंदीच्या साधारण ३४०० पट लांब गेली की डोळ्याला तिचा आकार कळत नाही. १ मीटर रुंदीचा ध्वज असेल तर तो फार तर साडेतीन किलोमीटरवरून कळेल. त्यापुढे तो तिथे असतो, मध्ये काही आडवं येत नसतं, तरी आपल्यासाठी नाहीसा होतो. १० मीटर रुंदीची वस्तू ३४ किलोमीटरपर्यंत. चिमणी उंच आहे, पण अंगाने बारीक. ती समुद्राआड जायच्या आधीच आपल्या नजरेतून निसटायला लागते. डोंगर मात्र पायथ्याशी ऐसपैस पसरलेला. त्याचा खालचा भाग बुडाला तरी वरचा भाग बराच रुंद राहतो, आणि डोळा तो सोडत नाही.

म्हणजे पृथ्वीच्या गोलाईला विचारलं तर उत्तर चिमणी. माणसाच्या डोळ्याला विचारलं तर उत्तर डोंगर. दुर्बीण घेऊन बसलात तर पुन्हा चिमणीच्या बाजूने पारडं झुकेल. वहीत काहीही लिहिलेलं असो, तुम्ही अर्धे बरोबर आहात!

डोळ्याची ही अडचण आपल्याकडच्या वारली चित्रांना मात्र नाही. त्यांत बघा, लांबची गोष्ट लहान काढायची असा नियमच नाही. डोंगर, झाड, माणूस, मासळीचं जाळं, सगळं एकाच वेळी स्वच्छ दिसतं. डोळ्याला जे दिसतं ते नव्हे, तर आपल्याला जे ठाऊक आहे ते भिंतीवर येतं. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे चित्रकार जिव्या सोमा मशे यांची चित्रं २००३ साली जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फ शहराच्या संग्रहालयात, रिचर्ड लाँग या इंग्रज कलावंताच्या कामाशेजारी मांडली होती. पुढे २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

पण खूण नुसती दिसून काय उपयोग? तिचा वापर कसा करायचा? ही युक्ती किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी पिढ्यान् पिढ्या वापरली आहे. समुद्रात पाटी नसते, रस्ता नसतो. काल जिथे भरपूर मासळी लागली ती जागा आज कशी सापडणार? समजा, तुम्ही बोटीतून पाहिलं आणि चिमणी बरोबर एका डोंगराच्या टोकावर आलेली दिसली. एकाच्या मागे एक. आता तुम्ही एका ठरावीक सरळ रेषेवर आहात. जरा उजवीकडे सरकलात की चिमणी टोकावरून डावीकडे घसरेल. मग दुसऱ्या दिशेला बघा. तिथे एखादं देऊळ आणि त्यामागचं दुसरं टेकाड एका रेषेत आलं. ही झाली दुसरी रेषा. दोन रेषा एकमेकींना एकाच ठिकाणी छेदतात. ते ठिकाण लक्षात ठेवायचं! ना कागद, ना यंत्र. चार खुणा आणि पक्की आठवण.

शाळेच्या मैदानात करून बघा. ध्वजाचा खांब आणि त्यामागचं एखादं झाड एका रेषेत येईपर्यंत सरका. मग त्याच रेषेवरून पुढेमागे चालत, दुसऱ्या बाजूचा नळ आणि खिडकीची कड जुळवा. तिथे मातीत एक खडा पुरा. मित्राला फक्त चार खुणा सांगा. तो तुमचा खडा शोधून काढील.

सगळे डोंगर दिसण्यासाठीच उपयोगी पडले असं मात्र नाही. घोलवडच्या मागे बारडा डोंगर आहे. त्याच्या माथ्याजवळ बहरोटच्या गुंफा आहेत. कित्येक शतकांपूर्वी इराणमधून आलेले पारशी लोक संजाणला उतरले आणि तिथे त्यांनी आपला पवित्र अग्नी स्थापन केला. पुढे संजाणवर स्वारी झाली. लढाईत हार झाल्यावर त्यांनी तो अग्नी घेऊन याच डोंगराचा आसरा घेतला आणि गुंफांमध्ये बारा वर्षं तो तेवत ठेवला, असं पारशी परंपरा सांगते. विचार करा. जो डोंगर सगळ्यांना दिसतो, त्याच्याच पोटात न दिसणारी आग! उघड्या माथ्यावर ती पेटवली असती तर रात्री कोसांवरून दिसली असती. तिथून तो अग्नी वांसद्याला गेला, मग नवसारीला, आणि १७४२ पासून तो गुजरातमधल्या उदवाड्याला आहे. तलासरीहून उदवाडा तसं जवळच.

रात्री आग लांबून दिसते, पण दिवसा मीटरभराचा ध्वज चार किलोमीटरवर हरवतो. असं का? आकार कळायला वस्तू मोठी लागते. नुसता उजेड कळायला मात्र ती मोठी असण्याची गरज नसते, ती पुरेशी झगझगीत असली की झालं. चांदण्या आपल्याला केवढ्याशा दिसतात! तरी त्या दिसतात.

हीच गोष्ट जर्मनीतल्या एका मोठ्या गणितज्ञाच्या कामी आली. त्याचं नाव कार्ल फ्रीडरिश गाउस. तो त्याच्या देशाचा नकाशा करायला मदत करत होता. लांबलांबच्या टेकड्या आणि चर्चचे मनोरे यांचे त्रिकोण जोडून अंतरं मोजायची, असं ते काम. पण पन्नास-शंभर किलोमीटरवरची खूण दुर्बिणीतूनही नीट दिसेना. १८१८ साली तो ल्युनेबुर्ग गावात मोजणी करत होता. चाळीस किलोमीटरहून लांब असलेल्या हॅम्बुर्गमधल्या एका चर्चच्या मनोऱ्याकडे त्याने दुर्बीण वळवली, तर तिथल्या खिडकीच्या काचेवरून सूर्य लखकन चमकला. इतक्या लांबून एक काच दिसली! गाउसच्या डोक्यात तेव्हा जो विचार आला, त्यातून त्याने थोड्याच वर्षांत एक उपकरण बनवलं. छोटा आरसा, आणि त्यातून परावर्तित होणारं ऊन बरोबर समोरच्या डोंगरावर पाठवायची सोय. त्या आरशांमुळे शंभर किलोमीटरहून लांब अंतरावरची दोन शिखरं एकमेकांना दिसू लागली. त्या उपकरणाचं नाव हेलिओट्रोप.

आणि ते भारतातही आलं. आपल्या देशाची मोठी त्रिकोणी मोजणी १८०२ साली मद्रासजवळ सुरू झाली होती. पुढे जॉर्ज एव्हरेस्टच्या काळात दिवसा असे आरसे आणि रात्री दिवे वापरून डोंगरामागून डोंगर जोडले गेले. डोंगर नसेल तिथे मुद्दाम बुरूज बांधले. ल्युबेकच्या लोकांनी केलं तसंच!

आता बोटीत जीपीएस असतं. पण ते तरी काय करतं? तेही चार खुणांकडेच बघतं. फरक इतकाच की त्या खुणा जमिनीवर नाहीत, सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवर फिरणारे उपग्रह आहेत. इतकी उंच खूण असली की ती पृथ्वीच्या खूप मोठ्या भागातून एकाच वेळी दिसते. आपल्या जागेचं उत्तर काढायला निदान चार उपग्रह दिसावे लागतात.

एक शत्रू मात्र राहिलाच, आणि तो सगळ्यांना छळतो. हवा. आपण आणि डोंगर यांच्यामध्ये जितकी जास्त हवा, तितका डोंगर फिका आणि निळा. हवेचे कण सूर्याच्या उजेडातला निळा भाग जास्त विखुरतात, आणि तो विखुरलेला निळा उजेड डोंगराच्या अंगावर पडद्यासारखा येतो. दुरून डोंगर साजरे म्हणतात, त्या साजरेपणात अर्धा वाटा हवेचा आहे. त्यात धूळ, धूर, समुद्राची वाफ मिसळली की पडदा जाड होतो. पाऊस हवा धुऊन टाकतो, म्हणून जोरदार सर येऊन गेल्यावर जो डोंगर हाताला लागेल असा वाटतो, तोच मार्चमधल्या दुपारी गायब असतो.

तेव्हा यंदा एक काम करा. घरून, शाळेतून किंवा रस्त्यावरच्या एखाद्या ठरावीक जागेवरून लांबचा एक डोंगर निवडा. सरावलीतून जो दिसत असेल तो, तलासरीतून जो दिसत असेल तो. वहीत चार रकाने आखा: तारीख, वेळ, आभाळ कसं आहे, डोंगर कसा दिसला. शेवटच्या रकान्यात तीनच शब्द चालतील: ठळक, फिका, नाही. रोज एकाच वेळी बघायचं. दसऱ्याला सुरू करा, होळीपर्यंत चालू ठेवा. मध्ये एखादा दिवस चुकला तर ती ओळ रिकामी सोडा, अंदाजाने भरू नका. मग दर महिन्याचे ‘ठळक’ मोजा आणि कुठल्या महिन्यात ते सर्वांत जास्त आले ते बघा. तक्ता आम्हाला पाठवायला विसरू नका. दोन वेगवेगळ्या गावांतून एकाच डोंगराकडे बघणाऱ्यांचे तक्ते मिळाले तर ते शेजारी शेजारी छापू, म्हणजे त्या दिवशी धुकं कुठे होतं तेही कळेल.